शॉर्ट कोर्स आणि स्टेडियम ट्रक : स्पर गिअर पुन्हा पुन्हा का जातो?

रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या एक-दशांश आकाराच्या ऑफ-रोड ट्रकांबाबत सर्वांत जास्त वेळा कानावर येणारी तक्रार अशी असते की, ट्रिगर दाबल्यावर मोटर जोरात फिरते, करकर असा आवाज येतो, पण चाके जागची हलत नाहीत किंवा अडखळत फिरतात. गिअर कव्हर उघडले की प्लॅस्टिकच्या मोठ्या गिअरचे, म्हणजे स्पर गिअरचे, दाते गेलेले दिसतात. नवा स्पर बसवल्यावर ट्रक दोन-चार बॅटऱ्या ठीक चालतो आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. मग भाग निकृष्ट आला असे म्हणून दुसरीकडून स्पर मागवला जातो, कधी धातूचा मागवला जातो, आणि दुखणे तेवढ्यापुरते स्परवरून गिअरबॉक्सच्या आत सरकते.

स्पर हा मुळात हाताशी असलेला, स्वस्त आणि दोन-तीन स्क्रू काढून बदलता येणारा भाग आहे. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कुठेही गडबड झाली तर ती आधी त्याच्याच दात्यांवर दिसते. म्हणून दोष बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी असतो, आणि तो न शोधता केवळ स्पर बदलत राहिल्यास तक्रार परत येणे अटळ असते. या तक्रारीच्या मुळाशी मुख्यतः दोन सवयी आढळतात. पहिली म्हणजे आपला ट्रक नेमका कोणता आहे हे नक्की न करता नावावरून भाग मागवणे, आणि दुसरी म्हणजे गेलेला स्पर नीट न पाहता कचऱ्यात टाकणे.

नाव एक, ट्रक दोन

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश. हा ट्रक २००८ मध्ये आला आणि एक-दशांश आकारात शॉर्ट कोर्स हा प्रकार त्यानेच लोकप्रिय केला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील क्रॅन्डनसारख्या मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर जे पूर्ण आकाराचे ट्रक पळतात, त्यांच्यात मागच्या दोन चाकांना शक्ती देणारा प्रो २ आणि चारही चाकांना शक्ती देणारा प्रो ४ असे दोन वर्ग आहेत. छोट्या ट्रकांतही तीच विभागणी उतरली. स्लॅश म्हणजे दोन चाकांना शक्ती देणारा, आणि स्लॅश फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना. बाहेरून दोघांची बॉडी जवळजवळ सारखी दिसते, नावातला मुख्य शब्दही एकच आहे, आणि भाग विकणाऱ्या पानांवर पुष्कळदा नुसते ‘स्लॅशसाठी’ एवढेच लिहिलेले असते.

आतली यंत्रणा मात्र निराळी आहे. दोन चाकांच्या स्लॅशमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स मागच्या बाजूला एकत्र असतात, आणि मूळ स्पर ८६ दात्यांचा, ४८ पिचचा असतो (पिच आणि मॉड्यूल ही दात्यांच्या जाडीची मापे, त्यांचा हिशेब पुढे येतो). त्याचा भाग क्रमांक ४६८६ आहे. फोर बाय फोरमध्ये पुढे एक आणि मागे एक डिफरेन्शियल, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, असते, दोन्हींना जोडणारा दांडा चॅसीच्या मध्यातून जातो, आणि मूळ स्पर ५४ दात्यांचा, ०.८ मॉड्यूलचा असतो. त्याचा भाग क्रमांक ३९५६ आहे. दोन्ही स्पर हातात घेतले तर व्यासात फक्त दोनेक मिलिमीटरचा फरक जाणवतो. त्यामुळे फोटो पाहून मागवणाऱ्याची फसगत होते. स्पर चुकीचा आला तर निदान तो शाफ्टवर बसत नाही आणि चूक लगेच कळते. चुकीचा पिनियन, म्हणजे स्परला फिरवणारा मोटरवरचा छोटा गिअर, मात्र मोटरच्या शाफ्टवर व्यवस्थित बसतो, कारण ५४० आणि ५५० या दोन्ही प्रकारच्या मोटरींचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचाच असतो. तो फिरतोही, आणि अर्ध्या बॅटरीत स्परचे दाते खरवडून टाकतो.

ट्रॅक्ससच्या बाबतीत खात्री करण्याचा सोपा मार्ग मॉडेल क्रमांकाचा आहे. दोन चाकांच्या स्लॅशचे क्रमांक ५८ ने सुरू होतात आणि फोर बाय फोरचे ६८ ने. त्याच घरातल्या दोन चाकांच्या रस्टलरचे क्रमांक ३७ ने आणि स्टॅम्पीडचे ३६ ने सुरू होतात. त्यापुढचे अंक आवृत्ती दाखवतात. नावाच्या शेवटी येणारी एक्सएल-५ किंवा व्हीएक्सएल ही अक्षरे ट्रकच्या सांगाड्याबद्दल काहीही सांगत नाहीत, ती स्पीड कंट्रोलरची ओळख आहे. एक्सएल-५ म्हणजे ब्रश असलेली टायटन १२टी मोटर आणि जास्तीत जास्त दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. व्हीएक्सएल म्हणजे ब्रशलेस मोटर, जी तीन सेलपर्यंत जाते. स्परच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण ७.४ व्होल्टऐवजी ११.१ व्होल्ट मिळालेली ब्रशलेस मोटर जो झटका देते त्यासाठी स्लिपर क्लच, म्हणजे जास्त झटका आला की घसरून तो गिळणारा भाग, काटेकोर लावलेला असावाच लागतो. (जाता जाता एक सूचना : टामिया या जपानी कंपनीच्या रिमोट कंट्रोल किटांचे क्रमांकही ५८ ने सुरू होणारे आणि पाच अंकीच असतात. म्हणून शोधताना केवळ आकडा न लिहिता कंपनीचे नावही लिहावे, नाहीतर समोर भलतेच वाहन येते.)

असोसिएटेड या दुसऱ्या कंपनीची नावे अधिक शिस्तीची आहेत, पण तीही समजून घ्यावी लागतात. १९८४ मध्ये आलेली आरसी१० ही त्या कंपनीची बग्गी, आणि तिच्या वंशात पुढे बी म्हणजे बग्गी (उघड्या चाकांची हलकी ऑफ-रोड गाडी), टी म्हणजे स्टेडियम ट्रक (त्याच धर्तीचा, पण मोठ्या चाकांचा) आणि एससी म्हणजे शॉर्ट कोर्स ट्रक अशी अक्षरे रूढ झाली. अक्षरानंतरचा पूर्णांक पिढी सांगतो आणि दशांश चिन्हानंतरचा अंक त्या पिढीतली सुधारणा सांगतो. टी४, टी४.१ आणि टी४.२ हे एकाच घरातले भाऊ आहेत आणि त्यांचे अनेक भाग एकमेकांना चालतात, परंतु सगळे चालत नाहीत, त्यामुळे दशांशाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एससी१० हे नाव ऐकायला वेगळे वाटले तरी तो ट्रक टी४च्याच सांगाड्यावर उभा आहे. टी५एम मधला एम मोटर मध्यभागी असल्याचे दाखवतो. पुढच्या पिढीत बग्गी बी६ आणि मग बी६.१ अशी आली, पण ट्रक थेट टी६.१ म्हणूनच आला. त्यामुळे ‘टी६साठी’ म्हणून विकला जाणारा भाग दिसला की विक्रेत्याला नेमकी आवृत्ती विचारून घ्यावी.

याच घराण्यात आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो स्परपेक्षा स्क्रूंना जास्त छळतो. टी४च्या पिढीपर्यंत स्क्रू इंची मापाचे होते आणि टी५एम पासून ते मेट्रिक झाले. चपट्या डोक्याच्या, ४-४० या इंची मापाच्या स्क्रूला १/१६ इंचाची, म्हणजे १.५९ मिलिमीटरची, अ‍ॅलन की लागते. तिथे दीड मिलिमीटरची की आत जाते, थोडीशी फिरतेही, आणि मग डोक्याचे सहा कोपरे गोल करून टाकते. मोटरचे स्क्रू असे गोल झाले की ते पुरेसे आवळले जात नाहीत, आणि मोटर किंचित सरकली की दात्यांची बसणूक बिघडते. स्पर वारंवार जाण्याच्या तक्रारीचा शेवट कधी कधी अ‍ॅलन कीच्या संचाशी होतो तो यामुळे.

बॉडीवरच्या स्टिकरवर तर अजिबात विसंबू नये. पॉलिकार्बोनेटची बॉडी चार पिनांवर बसते आणि एका ट्रकची दुसऱ्यावर सहज चढते. वापरलेला ट्रक घेताना वर एक नाव आणि खाली दुसराच सांगाडा असणे नवलाचे नाही. चॅसीवर कोरलेली अक्षरे, गिअरबॉक्सची जागा, मोटर मागच्या आसाच्या मागे आहे की पुढे, आणि पुढच्या चाकांना शक्ती देणारे दांडे आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी बॉडीपेक्षा खात्रीची ओळख पटते.

दाते मोजणे आणि मापणे

नाव पटले तरी माप स्वतः घेतलेले बरे, कारण मागच्या मालकाने गिअर बदलले असण्याची शक्यता नेहमीच असते. दात्यांचे माप दोन पद्धतींनी सांगितले जाते. अमेरिकी पिच म्हणजे गिअरच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे किती दाते, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका दाता बारीक. मेट्रिक मॉड्यूल याच्या उलट आहे. मिलिमीटरमधला व्यास भागिले दात्यांची संख्या, म्हणून आकडा जितका मोठा तितका दाता जाड. २५.४ ला पिचने भागले की मॉड्यूल मिळतो. या हिशेबाने ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल होतो, जो ०.८ च्या इतका जवळ आहे की हे दोन्ही एकमेकांबरोबर चालतात. ४८ पिच म्हणजे ०.५२९ मॉड्यूल, आणि इथे खरी फसवणूक आहे. टामियाच्या अनेक गाड्यांत येणारा ०.६ मॉड्यूलचा पिनियन डोळ्यांना ४८ पिचसारखाच दिसतो, पण त्याचे दाते सुमारे तेरा टक्के जाड असतात. तो बसवता येतो, हाताने फिरवला तर फिरतो, आणि वेगात स्परला खातो. एक-अष्टमांश आकाराच्या ट्रगीमध्ये, म्हणजे असोसिएटेडच्या आरसी८टी सारख्या ट्रकमध्ये, १ मॉड्यूलचे जाड दाते असतात. ते इतके वेगळे दिसतात की तिथे चूक सहसा होत नाही.

माप घेण्यासाठी व्हर्निअर कॅलिपर पुरतो. स्परचा बाहेरचा व्यास, दात्यांच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे. ८६ दात्यांचा स्पर ४६.६ मिलिमीटर भरला तर ४६.६ भागिले ८८, म्हणजे ०.५३ येते. हा ४८ पिच आहे. ५४ दात्यांचा स्पर ४४.८ मिलिमीटर भरला तर ४४.८ भागिले ५६, म्हणजे बरोबर ०.८. दात्यांची संख्या विषम असेल तर समोरासमोर दाता आणि खाच येते आणि व्यास किंचित कमी भरतो, एवढे ध्यानात ठेवावे. मोजणी चुकू नये म्हणून पहिल्या दात्यावर मार्करचा ठिपका द्यावा. हेच गणित पिनियनलाही लावून पाहावे, पण तिथे व्यास लहान असल्याने मोजणीतली छोटी चूक उत्तरात मोठी होते. म्हणून पिनियनच्या बाजूवर कोरलेला आकडा दिसत असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवावा.

परदेशातून भाग मागवणाऱ्याला हे दोन मिनिटांचे काम फार परवडते, कारण चुकीचा स्पर आला तर त्याच्या किमतीहून वाहतूक आणि सीमाशुल्काचा खर्च मोठा होतो, आणि नवा येईपर्यंत ट्रक कपाटात पडून राहतो.

गेलेला स्पर फेकण्यापूर्वी

गेलेल्या स्परवर कारण लिहिलेले असते. तो स्वच्छ पुसून उजेडात धरावा आणि दाते कुठे, कसे आणि किती गेले आहेत हे पाहावे.

एकाच जागचे तीन-चार दाते मुळापासून तुटले असतील आणि बाकीचे सर्व नव्यासारखे असतील, तर घाव एकाच क्षणी बसलेला आहे. बहुधा खडा आत गेलेला असतो. पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये सापडलेला खडा दाते चिरडतो आणि बाहेर पडतो, त्यामुळे नंतर शोधून सापडत नाही. पण स्परच्या तुटलेल्या जागी आणि पिनियनच्या एखाद्या दात्यावर ओरखडा राहतो. खड्याची खूण नसेल तर उडी संशयित ठरते. ट्रक हवेत असताना ट्रिगर दाबलेला राहिला की मागची चाके भलत्या वेगात फिरतात, आणि जमिनीला टेकताच एका क्षणात थांबतात. तो सगळा धक्का स्परच्या दोन-तीन दात्यांवर येतो. स्लिपर नीट लावलेला असेल तर तो हा धक्का गिळतो. अति आवळलेला असेल तर दाते देतात. चालवणाऱ्याने टेकण्याआधी ट्रिगर सोडण्याची सवय लावली तर हा प्रकार जवळजवळ बंद होतो. पुढे जाताना अचानक रिव्हर्स मारणेही याच जातीचे आहे.

सगळ्या दात्यांची टोके सारखीच झिजून गोल झाली असतील, तर पिनियन स्परपासून दूर बसला होता. दाते एकमेकांत पूर्ण जात नव्हते, फक्त टोकांवर घासत होते. मोटरचे स्क्रू सैल होऊन मोटर मागे सरकणे हे याचे नेहमीचे कारण आहे. याच्या उलट, दाते वितळल्यासारखे एका बाजूला वाकलेले असतील आणि कव्हरच्या आत पांढरी किंवा स्परच्याच रंगाची भुकटी साचलेली असेल, तर बसणूक अति घट्ट होती किंवा पिच जुळत नव्हते. घट्ट बसणुकीत घर्षणाने उष्णता तयार होते, नायलॉन मऊ पडतो आणि मग दाते एकदम झोपतात. अशा ट्रकची मोटरही नेहमीपेक्षा जास्त तापलेली असते.

दात्यांची फक्त एकच कड, रुंदीच्या अर्ध्या भागावर, झिजली असेल तर पिनियन स्परच्या पूर्ण रुंदीवर बसलेला नव्हता, किंवा मोटर किंचित तिरकी लागली होती. मोटर आणि मोटर प्लेट यांच्यामध्ये मातीचा एक कण अडकला तरी मोटर तिरकी लागते. म्हणून मोटर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत. आणि दाते जवळजवळ धड असून स्परचा मधला भाग, जिथे स्लिपरची घर्षणाची चकती किंवा तुकडे टेकतात, तोच वितळला असेल, तर स्लिपर सैल होता. तो सतत घसरत राहिला, तापला आणि त्याने स्परला आतून जाळले. ही खूण ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळ जण स्पर गेला म्हणून स्लिपर आणखी सैल करतात. दाते तुटले असतील तर तो उपाय योग्य आहे, पण मधला भाग वितळला असेल तर त्याच उपायाने पुढचा स्पर आधीपेक्षा लवकर जातो.

शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे. झीज एकसारखी नसते, स्परच्या अर्ध्या परिघावर जास्त आणि उरलेल्या अर्ध्यावर कमी असते. याचा अर्थ स्पर डोलत फिरत होता. ज्या शाफ्टवर तो बसतो तो वाकला आहे किंवा त्याचे बेअरिंग गेले आहे.

नवा स्पर बसवताना

पिनियन तपासल्याशिवाय नवा स्पर बसवू नये. पोलादी पिनियनचे दाते झिजले की त्यांचा आकार समुद्री माशाच्या परासारखा एका बाजूला झुकलेला आणि टोकदार होतो. असा पिनियन नव्या स्परला कानशीसारखा खातो. शंका असल्यास दोन्ही एकदमच बदलावेत, कारण वाचवलेल्या पिनियनची किंमत पुढच्या स्परमध्ये भरावीच लागते. पिनियनचा ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर पकडून ठेवणारा डोके नसलेला छोटा स्क्रू, शाफ्टच्या सपाट भागावरच टेकला पाहिजे. तो गोल भागावर आवळला तर कितीही आवळला तरी सुटतो, आणि सुटलेला पिनियन बाहेर सरकून स्परच्या काठावर चालू लागतो.

दात्यांची बसणूक ठरवण्याची जुनी आणि अजूनही चांगली पद्धत कागदाची आहे. वहीच्या साध्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये घालावी, मोटर स्परकडे दाबून धरावी, स्क्रू आवळावेत, आणि मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर नागमोडी घड्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. त्यानंतर पिनियन एका हाताने स्थिर धरून स्पर हलवला असता अगदी थोडा खेळ जाणवला पाहिजे. ही तपासणी स्परच्या एकाच जागी करून थांबू नये. प्लॅस्टिकचा गिअर कधीच पूर्ण गोल नसतो, म्हणून तो पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी पाहावे आणि जिथे सर्वांत घट्ट जाणवते तिथे हा थोडासा खेळ उरेल अशी मोटर ठेवावी.

मोटरचे स्क्रू धातूत जातात, म्हणून त्यांना निळ्या रंगाच्या मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक छोटा थेंब लावावा. लाल रंगाचा कायमस्वरूपी प्रकार इथे वापरू नये, कारण पुढच्या वेळी स्क्रू काढताना डोके जाते. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना मात्र कोणताच थ्रेडलॉकर लावू नये. काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते, आणि प्लॅस्टिकमधला आटा तसाही स्क्रूला पकडून ठेवतो.

जास्त वेगाच्या मोहाने पिनियनचे दाते वाढवायचे असतील तर आधी गणित करावे. दोन चाकांच्या स्लॅशच्या गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.७२ आहे. त्याच्या एका गिअरबॉक्सचे मॅग्नम २७२ हे नावही त्यावरूनच आलेले आहे. ८६ दात्यांचा स्पर आणि १९ दात्यांचा पिनियन असेल तर ८६ भागिले १९ गुणिले २.७२, म्हणजे सुमारे १२.३ हे अंतिम गुणोत्तर होते. मोटर बारा वेळा फिरली की चाक एकदा फिरते. टी४च्या गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.६० आहे, त्यामुळे एका ट्रकवर ठीक चाललेली स्पर-पिनियनची जोडी दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवता येत नाही. अंतिम गुणोत्तर कमी केले की वेग वाढतो, पण मोटर आणि स्पर दोघेही जास्त तापतात. पिनियन एका वेळी एकाच दात्याने बदलावा, पाच मिनिटे चालवून मोटरचे तापमान पाहावे, आणि ते ८० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर मागे यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवाच चाळिशी ओलांडते. तिथे हिवाळ्यात चाललेला पिनियन मे महिन्यात एक-दोन दाते लहान करावा लागतो.

स्लिपर : सगळ्यात दुर्लक्षित नट

स्लिपर क्लच म्हणजे स्परला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या आणि त्यांना दाबणारी स्प्रिंग. नट आवळला की घर्षण वाढते आणि धक्का जास्त प्रमाणात पुढे जातो. सुरुवातीसाठी नट आवळून स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत न्यावा आणि तिथून अर्धा ते एक फेरा सैल करावा. मग मागची दोन्ही चाके हातांनी जमिनीवर घट्ट दाबून धरून दुसऱ्या कुणाला तरी ट्रिगर हलकेच आणि क्षणभरच दाबायला सांगावे. स्पर फिरू लागला पाहिजे, पण सहज फिरता कामा नये. मातीवर जागेवरून जोरात सुटताना पहिल्या दीड-दोन फुटांत बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर मांडणी योग्य समजावी. आवाज अजिबात नसेल तर स्लिपर घट्ट आहे, आणि दहा फुटांपर्यंत येत राहिला तर सैल आहे.

टी४सारख्या शर्यतीच्या ट्रकांत डिफरेन्शियल, थोडक्यात डिफ, गिअरचे नसून बॉलचे असते, आणि तिथे एक जास्तीची अट येते. स्लिपर नेहमी डिफच्या आधी घसरला पाहिजे. डिफ आधी घसरू लागला की त्याच्या आतल्या गोळ्या आणि कड्या खराब होतात, आणि चालवणाऱ्याला वाटते स्पर घसरतो आहे. खात्री करण्यासाठी स्पर आणि एक मागचे चाक धरून ठेवावे आणि दुसरे चाक हाताने फिरवण्याचा प्रयत्न करावा. ते जोर लावूनही फिरू नये. फिरत असेल तर स्लिपरला हात लावण्याआधी डिफ आवळावा. स्लॅशमध्ये गिअरचे डिफ आहे, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

चकत्यांवर काचेसारखी चमक आली असेल तर त्या बारीक सँडपेपरवर हलक्या हाताने घासून घ्याव्यात. तेल किंवा ग्रीस लागलेली चकती मात्र घासून सुधारत नाही. ती बदलावी लागते.

माती, पाणी आणि कव्हर

उघड्या स्परला तेल लावू नये. दात्यांना वंगण दिले तर गिअर जास्त टिकेल हा समज अजून पुष्कळांच्या मनात पक्का आहे. परंतु ऑफ-रोड ट्रकमध्ये तेलावर धूळ बसते आणि तिचा घासणारा लेप तयार होतो. ग्रीस गिअरबॉक्सच्या बंद पेटीच्या आत हवे, बाहेरचे स्पर आणि पिनियन कोरडेच चालले पाहिजेत. प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर कव्हर काढून जुन्या टूथब्रशने दोन्ही गिअर झाडले तरी पुरे होते. गिअर कव्हरवर स्लिपरच्या नटापर्यंत पोहोचण्यासाठी रबरी बूच असेल तर ते हरवू देऊ नये. खडे आत शिरण्याची ती हमखास जागा आहे, आणि बूच नसलेला ट्रक मुरमाच्या मैदानावर चालवणे म्हणजे वरच्या तुटलेल्या तीन-चार दात्यांची सोय स्वतःच करणे आहे.

कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ बारीक असते आणि कव्हरच्या फटीतून आत जाते. देशावरची काळी माती कोरडी असताना त्रास देत नाही, पण ओली झाली की चाकांना आणि आसांना गोळ्यांनी चिकटते, वजन वाढवते आणि सुकली की दगडासारखी होते. ट्रक जलरोधक असल्याचे खोक्यावर लिहिलेले असले तरी ते इलेक्ट्रॉनिक भागांपुरते असते, बेअरिंगांना लागू होत नाही. ओल्यातून आलेल्या ट्रकची बेअरिंगे त्याच दिवशी काढून, पुसून, वाळवून त्यांत हलके तेल सोडावे. स्लॅशमध्ये बहुतेक ठिकाणी ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर मापाचे एकच बेअरिंग वापरलेले असल्यामुळे चार-सहा बेअरिंगे हाताशी ठेवणे सोपे आहे.

हे सगळे करूनही स्पर गेला तर

मोटर काढून ठेवावी आणि ट्रक हाताने ढकलून पाहावा. चाके सहज आणि सारख्या सुरात फिरली पाहिजेत. कुठे अडखळत असेल तर मागच्या आसाभोवती गवत, केस किंवा पतंगाचा मांजा गुंडाळलेला आहे का, हे आधी पाहावे. तो बेअरिंगच्या आड लपतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यानंतर स्पर हातात धरून शाफ्ट वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावा. आत-बाहेर किंचित हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. हालचाल आढळली तर गिअरबॉक्स उघडून वरच्या शाफ्टची दोन्ही बेअरिंगे बदलावीत आणि शाफ्ट काचेच्या तुकड्यावर लोळवून तो सरळ आहे का ते तपासावे. वाकलेला शाफ्ट काचेवर फिरताना खालून उजेडाची फट उघडझाप करते. शेवटी मोटरचा शाफ्ट पाहावा. ब्रशच्या मोटरींमध्ये बहुधा बेअरिंगऐवजी बुश (धातूच्या साध्या नळ्या) असतात, आणि बुश झिजले की पिनियन स्वतःच डोलू लागतो. अशी मोटर चालू स्थितीत असली आणि पुरेशी ताकदही देत असली तरी ती बदलावी.